पहिलं प्युअर अरबी शिंगरू घेतलं: स्टड फार्मचा रिव्ह्यू, कागद, नाव सगळं (शिरपूर, जि. धुळे)

सुरुवातीलाच सांगून टाकतो, फार्म चांगलंय. कागदांसकट प्युअर अरबी शिंगरू पाहिजे आणि थांबायची तयारी आहे अशांनी इथूनच घ्यावं. पुढच्या लग्नसराईत नाचवायला घोडा हवा असेल तर हे ठिकाण तुमच्यासाठी नाही. फार्म पुणे जिल्ह्यात आहे. नाव लिहीत नाही कारण मालकांनी तशी विनंती केलीय, वर्षाला मोजकीच शिंगरं होतात, तीही आधीच बुक असतात आणि मग नुसतेच रेट विचारणारे फोन दिवसभर वाजत राहतात. घोडेवाल्यांत विचारपूस केली की पत्ता मिळतोच, आम्हालाही तसाच मिळाला.

आमच्याकडे घोडी पहिल्यापासून आहे, आजोबांच्या काळापासून दावणीला एक तरी असतेच, पण सगळ्या काठेवाडी नाहीतर मारवाडी क्रॉस. अरबी घ्यायचं माझ्या डोक्यात लहानपणापासून होतं. आपल्या खान्देशात घोडा म्हटला की पहिलं नाव सारंगखेडा, तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा, दत्तजयंतीला सुरू होते आणि मारवाड, काठेवाड, पंजाब कुठकुठून घोडे येतात. मीही आधी तिथेच गेलो. घोडा बघायला शिकायचं असेल तर सारंगखेड्यासारखी शाळा नाही हे मी कुणालाही छातीठोक सांगेन, चाल बघा, दात बघा, भोवरे बघा, जुनी माणसं समोर बसून सगळं सांगतात. पण कागदवालं प्युअर अरबी शिंगरू ही बाजारात सापडायची वस्तूच नाही. "अरबी आहे" म्हणून जो दाखवतात त्यात अरबी रक्त असतंही कदाचित, आपल्याकडे भीमथडी घोडा तयार झाला तोच मुळी अरबी, तुर्की आणि इथल्या घोड्यांच्या मिश्रणातून, तेव्हा रक्त असणं नवीन नाही. पण प्युअर म्हणजे वेगळी गोष्ट. वर्ल्ड अरेबियन हॉर्स ऑर्गनायझेशन, सगळे वाहो म्हणतात, त्यांची व्याख्या अगदी सरळ आहे, त्यांनी मान्य केलेल्या स्टडबुकात, म्हणजे वंशाच्या नोंदवहीत, ज्याची नोंद तोच प्युअर अरबी. तोंड कितीही सुंदर असो, शेपूट कितीही वर उचलो, नोंद नाही तर नाही.

ज्यांना बाजारात अंदाज घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो, कारण मला या कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. एक म्हणजे कातडी. अरबीची कातडी काळी असते, वरचे केस पांढरे असले तरी नाकपुडी, डोळ्याभोवती, मांडीच्या आत काळीच दिसणार, जिथे पांढरा पट्टा किंवा मोजा आहे तेवढ्याच जागी गुलाबी. त्यामुळे गुलाबी कातडीचा नुकरा, म्हणजे पांढरा घोडा, कितीही देखणा असला तरी एखादा दुर्मिळ अपवाद सोडून तो अरबी नाही, आणि मोठमोठे काळे-पांढरे ठिगळ असलेला अबलखही नाही. पालोमिनो म्हणतात तो सोनेरी रंगही प्युअर अरबीत येत नाही. मुख्य रंग कुमैत (तपकिरी अंग, काळी आयाळ), लाखी (तांबूस), काळा आणि सब्जा (राखाडी). दुसरं म्हणजे उंची. अरबी 14 ते 15 हातांच्या (घोड्याच्या मापात एक हात म्हणजे चार इंच) आसपासच असतो, फार फार तर थोडा वर, म्हणून 16 हाताचा उंचापुरा घोडा दाखवून कुणी अरबी म्हणालं तर कागद मागा. बरगड्यांचं पण सांगतात लोक, बऱ्याच अरबींना 17 जोड्या असतात आणि बाकी घोड्यांना 18, ते खरंय पण सगळ्यांना लागू नाही, आणि बाजारात उभ्या घोड्याच्या बरगड्या कोण मोजत बसणार.

आता फार्म. आम्ही गेलो तेव्हा शिंगरू साधारण दोन महिन्यांचं होतं. मालकांनी आधी शिंगरू दाखवलंच नाही, आधी आई बाहेर काढली. मोकळ्या मैदानात, खोगीर नाही, सजावट नाही, फक्त मोरखी. चालवून दाखवली, दुडक्या चालीने पळवली, पाय उचलून दाखवले, मला स्वतःला तिच्या अंगावर हात फिरवू दिला. आबा माझ्यासोबत होते, ते पहिल्यापासून एकच वाक्य धरून बसलेले, "पहिले कागद दखाडा, मंग पैसा." मालकांना अहिराणी येत नव्हती पण अर्थ लगेच कळला, त्यांनी फाईलच आणून टेबलावर ठेवली. आईचा पासपोर्ट (घोड्याचं ओळखपत्र), बापाचा पासपोर्ट, पाच पिढ्यांचा वंशवेल, दोघांचे डीएनए रिपोर्ट. चिप वाचायचं मशीन आणून घोडीच्या मानेच्या डाव्या बाजूला फिरवलं, चिपचा 15 आकडी नंबर आला तो पासपोर्टवरच्या नंबराशी आबांनी चष्मा लावून एकेक आकडा जुळवून बघितला. कुणी घाई केली नाही. या एका गोष्टीसाठी मी फार्मला पूर्ण मार्क देतो.

मग शिंगरू. बछेरी, गडद कुमैत, कपाळावर छोटा चांद. मालक म्हणाले हिचा रंग हाच राहणार नाही, डोळ्याभोवती बघा. बघितलं तर पापण्यांजवळ पांढरे केस यायला लागलेले, चष्म्याच्या फ्रेमसारखी गोल कड. आई सब्जा आहे म्हणून ही पण सब्जा होणार, वर्षागणिक फिकट होत होत शेवटी जवळजवळ पांढरी. सब्जा शिंगरू व्हायला आईबापापैकी निदान एक तरी सब्जा लागतोच. आणि लगेच हेही सांगितलं की सब्जा घोड्यांना उतारवयात शेपटीखाली काळ्या गाठी यायची शक्यता जास्त असते, दरवर्षी तपासत जा. विकणारा माणूस हे स्वतःहून सांगतो हे मला पहिल्यांदा बघायला मिळालं. तिचा उजवा पुढचा पाय खुराजवळ थोडा बाहेर वळलेला होता, तेही त्यांनीच आधी दाखवलं. म्हणाले छाती रुंद झाली की बऱ्याच शिंगरांचं आपोआप सुधारतं, पण नालबंद चार ते सहा आठवड्यांनी खूर तासायला आलाच पाहिजे, ते टाळाल तर वाकडं पक्कं होईल. तसंच करतोय, फरक दिसतोय.

जेनेटिक टेस्टबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण आपल्याकडे यावर कुणी बोलत नाही आणि खरा पैसा इथे बुडतो. अरबी जातीत काही आनुवंशिक आजार आहेत. एससीआयडी म्हणजे शिंगराला प्रतिकारशक्तीच नसते, जन्मताना अगदी धडधाकट दिसतं, आईच्या चिकातून मिळालेली ताकद संपली की एकामागून एक इन्फेक्शन आणि साधारण पाच-सहा महिन्यांच्या आत जातं. सीए म्हणजे मेंदूचा तोल सांभाळणारा भाग खराब होत जातो, काही आठवड्यांचं झाल्यावर डोकं थरथरायला लागतं, पाय भलतेच उंच टाकतं, अचानक पडतं. लॅव्हेंडर फोल सिंड्रोम असलेलं शिंगरू तर फिक्कट विचित्र रंगाचं जन्मतं आणि उभंच राहू शकत नाही. तिन्हींची गंमत नाही, दुःख असं की आईबाप दोघं ठणठणीत दिसतात, फक्त दोघांकडे तो दोष लपलेला असतो, आणि असे दोन वाहक एकत्र आले की प्रत्येक वेतात चारात एक शक्यता. म्हणजे नुसतं आईबापाकडे बघून काहीच कळत नाही, टेस्टच लागते. टेस्ट सोपी आहे, आयाळीचे 20-30 केस मुळासकट उपटून लॅबला पाठवायचे. या फार्मने आईबाप दोघांचे तिन्ही रिपोर्ट दाखवले, घोडी सगळ्यात क्लिअर, घोडा सीएचा वाहक. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नाही, पण म्हणून आमच्या बछेरीचे केस वेगळे पाठवायला लावले मी, मालक लगेच तयार झाले, खर्च अर्धा-अर्धा. ती क्लिअर निघाली. समजा वाहक निघाली असती तरी घेतली असती, फक्त पुढे तिला क्लिअर घोडाच लावायचा एवढं ध्यानात ठेवावं लागलं असतं. जो विक्रेता या टेस्टचं नाव काढल्यावर "आमच्याकडे असलं काही नसतं" म्हणतो त्याच्याकडून उठून यावं.

ग्लँडर्सचा रिपोर्ट पण मागा, विसरू नका. हा रोग माणसालाही होतो, लस नाही, आणि जनावर पॉझिटिव्ह आलं की त्याला मारावंच लागतं, सरकारी नियम आहे. रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या पद्धतीने होते. आपल्या गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या, ते सांगतात कुठला रिपोर्ट किती ताजा लागेल.

किंमत. सगळे पहिलं तेच विचारतात. नव्या ट्रॅक्टरच्या आसपास धरा, शिंगराच्या वंशावळीवर खालीवर. बुकिंगला काही रक्कम, दूध तोडल्यावर बाकीची. घासाघीस जवळपास नाही, बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो त्या सवयीने आबांनी रुमाल पुढे केला होता तर मालक हसले आणि म्हणाले इथे रुमालाखाली काही नाही काका, कागदावर आहे तेच. दूध सहा महिन्यांनी तोडलं, त्याआधी द्यायला ते तयारच नव्हते आणि ते बरोबरच आहे. तोडल्यावरही लगेच एकटं ठेवलं नाही, दुसऱ्या दोन शिंगरांसोबत ठेवलं. पावसाळा तिकडेच काढला तिने, त्याचे महिन्याचे पैसे वेगळे घेतले पण ते आधी लिहून दिलेलं होतं.

आता तक्रारी. पहिली कागदांची. नोंदणीचा आणि मालकी ट्रान्सफरचा कागद सांगितलेल्या वेळेपेक्षा खूप उशिरा आला, फोन केला की "होतंय", एवढंच उत्तर. एवढ्या नीटनेटक्या फार्मला हे शोभत नाही, स्पष्टच लिहितो, घोडा हातात आणि कागद हवेत अशा अवस्थेत झोप लागत नाही माणसाला. शेवटचा हप्ता कागद आल्यावर असं लिहून घ्या, मालक ऐकतात. दुसरी तक्रार गाडीची. फार्मने जो ट्रान्सपोर्टवाला सुचवला त्याच्या गाडीत खाली गुळगुळीत पत्रा होता, मी स्वतः गेलो म्हणून बरं, जाड रबराची मॅट आणि वर भुसा टाकून घेतल्याशिवाय बछेरी चढवू दिली नाही. रात्रीच निघालो कारण ऑक्टोबरची दुपार आपल्याकडे मे महिन्यासारखीच तापते. नाशिकनंतर चांदवडच्या पुढे राहूड घाटात गाडी हळू घ्यायला लावली, मालेगावच्या पुढे थांबून पाणी पाजलं, पहाटे धुळं ओलांडलं आणि उजाडता उजाडता तापीचा पूल. दसऱ्याच्या आधी घरी आली, त्यामुळे दसऱ्याची घोड्याची पूजा यंदा तिची झाली, आईने औक्षण केलं तेव्हा ती ताटातले तांदूळ खायला बघत होती.

नाव ठेवणं हा मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा विषय निघाला आणि यात फार्मने खूपच मदत केली म्हणून सविस्तर लिहितो. नोंदणीच्या फॉर्मवर एक नाही, पसंतीच्या क्रमाने चार-पाच नावं लिहायची असतात, कारण आधी कुणी घेतलेलं नाव परत मिळत नाही. अक्षरांची मर्यादा असते, मधली स्पेसपण मोजतात. एकदा नोंद झाली आणि पुढे तिची शिंगरं त्या नावाखाली नोंदली गेली की बदल जवळजवळ अशक्य. म्हणजे हे नाव तुमच्या अंगणापुरतं नाही, पन्नास वर्षांनी कुणी कुठल्या देशात वंशवेल काढला तर तिथे ते छापलेलं असणार. हे कळल्यावर मी फॉर्म भरायचा थांबलो आणि घरात सगळ्यांना विचारलं.

पोरांनी बिजली, चांदणी, राणी सुचवलं. गल्लीतल्या लोकांना चेतक पाहिजे होतं, बछेरी आहे सांगूनसुद्धा. काकूंनी कानबाई सुचवलं कारण बुकिंग नक्की झालं ते श्रावणात कानबाई बसवल्या त्याच आठवड्यात असं त्यांना पक्कं वाटत होतं, पण आजीने लगेच मोडून काढलं, "घोडीले देवीनं नाव नको ठेवजो रे." आजीचं बरोबर होतं, उद्या चिडून कुणी तिला शिवी दिली, चाबूक उगारला, तर ते नाव तोंडात. विषय तिथेच संपला.

मालकांनी जगभरात नावं कशी ठेवतात ते सांगितलं आणि मला त्यातली पोलंडची पद्धत फार आवडली. तिथल्या सरकारी स्टडमध्ये, जानोव पोदलास्की तर 1817 पासूनचं आहे, शिंगराचं नाव आईच्या पहिल्या अक्षरावरून ठेवतात. पियानोसाची मुलगी पियानिसिमा, एमांडाची मुलगी एमांडोरिया, पेपेशाची मुलगी पेपिता, आणि ही पेपिता 2015 च्या लिलावात 14 लाख युरोला गेली. अक्षरावरून आईकडचं घराणं ओळखू येतं, अरबी घोड्यात आईच्या घराण्याला फार मान आहे म्हणून. दुसरी गोष्ट त्यांनी अस्वानची सांगितली. इजिप्तच्या नझीर या मोठ्या घोड्याचा मुलगा, जन्म 1958, मूळ नाव राफत. 1963 ला इजिप्तने तो सोव्हिएत रशियाला भेट दिला कारण नाईलवरचं अस्वान धरण बांधायला रशियाने मदत केली होती, आणि तिकडे तेर्स्क स्टडमध्ये त्याचं नाव अस्वान झालं. आज जगात कितीतरी अरबींच्या कागदावर अस्वान हे नाव सापडतं.

आमच्या बछेरीच्या आईचं नाव अझीझा. म्हणजे अक्षर अ. आणि अस्वानची गोष्ट ऐकल्यावर माझ्या मनात जे आलं ते आबांच्याही मनात त्याच वेळी आलं असणार कारण फार्ममधून गाडीत बसल्यावर पहिलं तेच बोलले. अनेर. आमचं शेत अनेरच्या पाण्यावर आहे. सातपुड्यातून येते, आमच्या तालुक्याच्या कडेने जाऊन तापीला मिळते, वर धरण आहे. आजोबांची घोडी याच नदीत धुतली जायची. तोंडात बसणारं नाव आहे, लांबून हाक मारता येते, आणि परदेशी माणसालाही उच्चारायला त्रास नाही.

फॉर्मवर पहिलं नाव अनेर टाकलं, मग स्पेलिंगचा घोळ, इंग्रजीत मधे ई एक की दोन, मालकांनी सांगितलं दोन्ही वेगवेगळे पर्याय म्हणून लिहा, एक अडलं तर दुसरं लागेल, तसंच झालं, दुसरं लागलं. पुढे फार्मचं नाव जोडायचं की नाही यावर मी थोडा अडलो होतो कारण वाटत होतं आपली घोडी, आपलं नाव. पण विचार केला, हिची आई त्यांनी सांभाळली, बापाची निवड त्यांनी केली, रात्री जागून वेत त्यांनी काढलं, मग ब्रीडरचं नाव पुढे असायलाच पाहिजे. आता कागदावर फार्मचं नाव आणि अनेर, दावणीला नुसतं अनेर. बायकांनी बारसं पण केलं, गूळ-फुटाणे वाटले, शेजारच्या गावातून लोक बघायला आले.

विकल्यानंतरची सर्व्हिस, यावर खूप जण विचारतात. घरी आल्यापासून फार्मवाल्यांना कितीही वेळा फोन केला तरी उचलतात, व्हिडिओ पाठवला की चाल बघून सांगतात. चंदीचं त्यांनी ठरवून दिलं, भिजवलेला हरभरा थोडाच, जव आणि ओट जास्त, सुका लसूणघास, मिठाचा खडा कायम समोर. आपल्याकडे दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा घरचाच असतो, सुका असेल तर थोडा चालतो पण हिरवी कोवळी ज्वारी अजिबात नाही, त्यात विष असतं, गुरं दगावतात ते सगळ्यांना माहीत आहे, घोड्यालाही ती घातकच. अरबी वाळवंटातला म्हणून उन्हाळ्याचं टेन्शन नाही असं ज्यांना वाटतं त्यांना सांगतो, वाढीचं शिंगरू 44-45 अंशात सावली आणि पाण्याशिवाय टिकत नाही, मी तबेल्यावर गवताचं छप्पर घातलं, दुपारी पाणी दोनदा बदलतो. जास्त काळजी उलट पावसाळ्याची आहे, आपल्या काळ्या चिकण जमिनीत खूर सारखा ओला राहतो आणि तळवा सडायला लागतो, म्हणून उभं राहायची जागा मुरूम टाकून उंच केली आहे. घोडमाशा वाढल्या की सर्रा हा रक्तातला रोग पण पसरतो, ताप उतरचढ व्हायला लागला की लगेच रक्त तपासा.

चार वर्षांची होईपर्यंत पाठीवर कुणी बसणार नाही, हे फार्मने खरेदीच्या कागदावरच विनंती म्हणून लिहून दिलंय आणि मी सही केलीय. गावातले रोज विचारतात कधी बसणार म्हणून. तोपर्यंत हाताने फिरवणं, खरारा, पाय उचलायची सवय, गाडीत चढायची सवय एवढंच चाललंय.

मार्क्स: जनावर आणि खरेपणा 5 पैकी 5, कागदांचा वेग 5 पैकी 2, ट्रान्सपोर्ट 5 पैकी 2, नंतरची मदत 5 पैकी 5. पुढचं वेत धरायचं असेल तर दिवाळीच्या आधी फोन करा, घोड्या साधारण अकरा महिने गाभण असतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत विणाऱ्यांची यादी तोवर भरत आलेली असते.